अर्थ इंजिनचे खाते उघडले, तरी 'प्रोजेक्ट नोंदलेला नाही' हा संदेश पुन्हा पुन्हा का येतो?

गूगल अर्थ इंजिनवर, म्हणजे उपग्रह प्रतिमांचे विश्लेषण इंटरनेटवरून करू देणाऱ्या गूगलच्या सेवेवर, पहिल्यांदा काम करायला बसलेला विद्यार्थी कोडच्या चार ओळी लिहितो, 'रन' दाबतो आणि उजवीकडच्या चौकटीत लाल अक्षरांत उत्तर उमटते: 'नॉट साइन्ड अप फॉर अर्थ इंजिन ऑर प्रोजेक्ट इज नॉट रजिस्टर्ड'. म्हणजे, एक तर तुम्ही या सेवेसाठी नाव नोंदवलेले नाही, किंवा तुमचा प्रोजेक्ट नोंदलेला नाही. विद्यार्थी गोंधळून म्हणतो, "सर, मी तर काल रात्रीच खाते उघडले." तो खरेच बोलत असतो. खाते त्याने उघडलेले असते, पण ज्या खात्याने तो या क्षणी काम करतो आहे ते खाते, ज्या प्रोजेक्टच्या नावाने तो काम मागतो आहे तो प्रोजेक्ट आणि त्या प्रोजेक्टवर त्या खात्याला असलेली परवानगी, या तिघांचा मेळ बसलेला नसतो.

नागपुरातील एका महाविद्यालयाच्या सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) प्रयोगशाळेत मी काम करतो आणि दर सत्राच्या आरंभी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो, केंद्रीय कापूस संशोधन संस्था या साऱ्या संस्था याच शहरात असल्यामुळे उपग्रह प्रतिमांवर काम करण्याची ओढ इथल्या मुलामुलींना लवकर लागते. कुणाला फुटाळा आणि गोरेवाडा तलावांच्या पाण्याचा विस्तार मोजायचा असतो, कुणाला काटोल-नरखेडच्या संत्रा बागा ओळखायच्या असतात, तर कुणाला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्या घटनेचा अभ्यास करायचा असतो. असे चांगले विषय घेऊन आलेल्या मुलांचा पहिला आठवडा खात्याच्या अडचणीत जातो, काही जण तर विषयच बदलून टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून ही अडचण कोठे कोठे दडलेली असते आणि ती कोणत्या क्रमाने शोधावी, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक खुलासा केला पाहिजे. यूट्यूबवर आणि जुन्या टिपणांत जी पद्धत दाखवलेली असते, ती आता चालत नाही. पूर्वी एक अर्ज भरायचा, काही दिवसांनी मंजुरीचा ई-मेल यायचा आणि त्यानंतर ते गूगल खाते कायमचे पात्र ठरायचे. २०२४ च्या अखेरीपासून मात्र प्रत्येक वापरकर्त्याला गूगल क्लाउड या गूगलच्या संगणक-सेवेवरील एखाद्या प्रोजेक्टमार्फतच, म्हणजे काम आणि परवानग्या एकत्र ठेवणाऱ्या कप्प्यामार्फतच, काम करावे लागते, आणि २०२५ मध्ये बिनव्यावसायिक वापराच्या पात्रतेची प्रश्नावलीही त्याला जोडली गेली. आता नोंदणी व्यक्तीपेक्षा प्रोजेक्टची होते. हा बदल ध्यानात न घेता जुना व्हिडिओ पाहून पुढे गेलेला माणूस अर्ध्या वाटेवर थांबतो आणि आपले काम झाले असे समजतो. दोन-तीन वर्षांपूर्वी पदवीला असताना खाते वापरलेले आणि आता पदव्युत्तर अभ्यासासाठी परत आलेले विद्यार्थीही याच ठिकाणी अडतात, कारण त्यांच्या जुन्या प्रोजेक्टची प्रश्नावली भरायची राहिलेली असते.

पहिली तपासणी: आपण कोण म्हणून बसलो आहोत?

बहुतेक मुलांच्या ब्राउझरमध्ये एकाच वेळी दोन-तीन गूगल खाती उघडी असतात. एक घरचे, एक महाविद्यालयाने दिलेले आणि पुष्कळदा एखादे यूट्यूबसाठी उघडलेले. नोंदणी करताना महाविद्यालयाचे खाते निवडलेले असते, पण कोड एडिटरचा, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहिण्याच्या पानाचा, दुवा नव्याने उघडला की ब्राउझर बहुधा सर्वांत आधी लॉगइन झालेले खाते पुढे करतो, आणि हे तो न विचारता करतो. त्यामुळे कोड एडिटरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातील गोल चित्रावर क्लिक करून तेथे कोणता ई-मेल पत्ता आणि कोणता क्लाउड प्रोजेक्ट दिसतो आहे, हे सर्वांत आधी वाचावे. प्रोजेक्ट बदलण्याची सोयही तेथेच असते. प्रयोगशाळेत आलेल्या तक्रारी येथेच सुटताना मी कितीतरी वेळा पाहिल्या आहेत.

खाते बदलत राहण्यापेक्षा क्रोममध्ये या कामासाठी स्वतंत्र प्रोफाइल तयार करावी आणि तिच्यात एकच गूगल खाते ठेवावे, हा उपाय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. इन्कॉग्निटो खिडकी तपासणीपुरती चांगली, कारण तेथे दुसरे कोणतेही खाते आड येत नाही. पण ती बंद केली की लॉगइन संपते, म्हणून रोजच्या कामाला ती उपयोगाची नाही.

महाविद्यालयाचे खाते वापरावे की घरचे, असा प्रश्न नेहमी येतो. शैक्षणिक वापर दाखवण्यासाठी संस्थेचे खाते योग्य असते, हे खरे. पण संस्थेच्या खात्यांवर प्रशासकाचे नियंत्रण असते. प्रशासकाने गूगल क्लाउड ही सेवा विद्यार्थ्यांसाठी बंद ठेवली असेल, किंवा संस्थेच्या छत्राखाली नवा प्रोजेक्ट तयार करण्याचा अधिकार दिलेला नसेल, तर विद्यार्थ्याने कितीही वेळा बटण दाबले तरी प्रोजेक्ट तयार होत नाही. एका महाविद्यालयातील माझ्या ओळखीच्या शिक्षकांनी या कारणासाठी पूर्ण तीन आठवडे वाट पाहिली. मुलांचे पासवर्ड बदलून झाले, इंटरनेट तपासून झाले, आणि शेवटी कळले की सेवा मुळातच बंद ठेवलेली होती. असे असल्यास संगणक विभागाला 'अर्थ इंजिन चालत नाही' असे मोघम न कळवता, 'आमच्या गटासाठी गूगल क्लाउड सेवा सुरू करावी आणि प्रोजेक्ट तयार करण्याची परवानगी द्यावी' असे नेमके लिहून द्यावे. तोवर स्वतःच्या घरच्या जीमेल खात्यावर शिक्षण हाच हेतू प्रामाणिकपणे नोंदवून काम सुरू करता येते.

प्रोजेक्ट तयारच होत नसेल तर

घरचे खाते असूनही प्रोजेक्ट तयार होताना 'कॉलर्स मस्ट ॲक्सेप्ट टर्म्स ऑफ सर्व्हिस' असा संदेश आला, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या खात्याने गूगल क्लाउडच्या अटी अजून मान्य केलेल्या नाहीत. त्याच खात्याने क्लाउड कन्सोल, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळण्याचे गूगलचे पान, एकदा उघडावे, समोर येणारी चौकट वाचून मान्य करावी आणि परत येऊन प्रोजेक्ट तयार करावा. कन्सोलसाठी आता दोन टप्प्यांची पडताळणीही लागते. ज्या प्रयोगशाळांत मोबाइल बाहेर जमा करावा लागतो, तेथे ही पायरी अडते, म्हणून ती आदल्या दिवशी घरीच उरकून घ्यावी.

कन्सोलच्या माथ्यावर मोफत चाचणीचे आमंत्रण आणि त्यासाठी कार्डाची माहिती मागणारे पान दिसते. ते पाहून कित्येक मुले, विशेषतः ज्यांच्या घरी कार्ड फक्त वडिलांकडे असते अशी मुले, काम सोडून देतात. ते पान या प्रक्रियेचा भाग नाही, हे मी ठळकपणे सांगू इच्छितो. शैक्षणिक आणि बिनव्यावसायिक वापराच्या प्राथमिक पातळीसाठी बिलिंग खाते जोडावे लागत नाही. कार्डाचा क्रमांक मागितला जात असेल, तर आपण वाट चुकून दुसऱ्या पानावर आलो आहोत असे समजून मागे फिरावे.

प्रोजेक्ट तयार झाला म्हणजे नोंदणी झाली असे नाही. त्यानंतर दोन गोष्टी उरतात. त्या प्रोजेक्टमध्ये अर्थ इंजिनची एपीआय (कोडला या सेवेशी जोडणारी सोय) सुरू करावी लागते, आणि प्रोजेक्ट बिनव्यावसायिक की व्यावसायिक हे सांगून त्याची नोंदणी पूर्ण करावी लागते. एपीआय सुरू केल्यावर परिणाम दिसायला काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत घाई करून आणखी दोन-तीन प्रोजेक्ट तयार करू नयेत. एका खात्यावर किती प्रोजेक्ट ठेवता येतील याला मर्यादा असते, आणि पुढे कोणता प्रोजेक्ट नोंदलेला आहे हे स्वतःलाच आठवत नाही.

प्रश्नावली भरताना उत्तरे खरी द्यावीत. पदवीचा अभ्यास, संशोधन, वर्गातील शिकवणी हे सारे बिनव्यावसायिक आहे. पण एखाद्या फळप्रक्रिया कंपनीसाठी मोबदला घेऊन बागांचे नकाशे करून द्यायचे असतील, तर विद्यार्थ्याचे खाते वापरले म्हणून ते काम शैक्षणिक होत नाही. शासकीय कार्यालयाच्या नित्याच्या कामकाजासाठी वापर करायचा असेल, तर पात्रतेचे नियम स्वतंत्रपणे वाचूनच पुढे जावे. आपल्याकडे अशा प्रश्नावल्या डोळे झाकून भरण्याची सवय आहे. येथे तसे करू नये, कारण पुढे पात्रता गेली तर त्या प्रोजेक्टवर उभे केलेले सगळे काम अडते.

नाव, आयडी आणि क्रमांक

यानंतरची अडचण सर्वांत फसवी आहे. प्रत्येक प्रोजेक्टला तीन ओळखी असतात. पहिली म्हणजे आपण दिलेले नाव, जे केव्हाही बदलता येते. दुसरी प्रोजेक्ट आयडी, जी जगभरात एकमेव असते आणि एकदा ठरली की बदलत नाही. तिसरा असतो गूगलने दिलेला लांबलचक क्रमांक. अर्थ इंजिनला आयडी हवी असते. विद्यार्थी कन्सोलमध्ये 'अंबाझरी' असे नाव देतो, ते नाव आधीच कुणी घेतलेले असल्यामुळे गूगल आयडीच्या शेवटी एक आडवी रेघ आणि सहा आकडे जोडते, आणि विद्यार्थी कोडमध्ये मात्र नुसते 'अंबाझरी' लिहितो. मग परवानगी नाही असा संदेश येतो, कारण त्या आयडीचा प्रोजेक्ट दुसऱ्याच कुणाचा असतो किंवा अस्तित्वातच नसतो. आयडी ६ ते ३० अक्षरांची असते. तिच्यात रोमन लिपीतील लहान अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालते, तिची सुरुवात अक्षराने व्हावी लागते आणि शेवटी रेघ चालत नाही. हाताने टाइप न करता ती कन्सोलमधून कॉपी करावी.

कोड एडिटरऐवजी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो, जी ओळखता आली तर तासन् तास वाचतात. कधी संदेश असा येतो, की अर्थ इंजिनची एपीआय प्रोजेक्ट क्रमांक ५१७२२२५०६२२९ मध्ये वापरलेली नाही किंवा ती बंद आहे. मुले तो क्रमांक आपल्या कन्सोलमध्ये शोधत बसतात आणि तो कोठेच सापडत नाही. सापडणार कसा, तो आपला प्रोजेक्टच नव्हे. लॉगइन करून देणाऱ्या अर्थ इंजिनच्या स्वतःच्या साधनाचा तो क्रमांक आहे. तो दिसला याचा अर्थ इतकाच, की इनिशियलाइझ करताना, म्हणजे कोडमधून अर्थ इंजिनशी जोडणी सुरू करताना, आपण आपली प्रोजेक्ट आयडी दिलेली नाही आणि म्हणून यंत्रणेने हाताशी असलेला प्रोजेक्ट धरला. इनिशियलाइझच्या कंसात 'प्रोजेक्ट' या शब्दापुढे आपली आयडी अवतरणचिन्हांत लिहिली, की हा संदेश जातो. संदेशातील क्रमांक दुसरा असेल आणि तो आपल्या कन्सोलमधील क्रमांकाशी जुळत असेल, तर मात्र एपीआय खरोखरच सुरू करायची राहिली आहे.

दुसऱ्याची आयडी, दुसऱ्याचे लॉगइन

कार्यशाळेनंतरच्या दिवसांत जे संदेश येतात, त्यांचे कारण बहुधा एकच असते. शिकवणाऱ्याने आपला कोड गटात पाठवलेला असतो, त्याच्या पहिल्याच ओळीत त्याची स्वतःची प्रोजेक्ट आयडी असते, आणि साठ मुले तो कोड जशाच्या तसा चालवतात. प्रत्येकाला 'सर्व्हिस यूसेज कन्झ्यूमर' ही भूमिका, म्हणजे त्या प्रोजेक्टच्या नावाने सेवा वापरण्याची परवानगी, नसल्याचा संदेश येतो. त्या संदेशात त्या प्रोजेक्टची आयडीही छापलेली असते, पण ती कुणी वाचत नाही. उपाय म्हणजे त्या जागी स्वतःची आयडी घालावी. एकाच प्रोजेक्टवर गटाने काम करायचे ठरलेच असेल, तर प्रोजेक्टच्या मालकाने कन्सोलच्या परवानग्यांच्या पानावर प्रत्येकाचा ई-मेल पत्ता जोडून त्याला अर्थ इंजिनची योग्य भूमिका आणि वरील भूमिका, अशा दोन्ही द्याव्यात. नुसती एक दिली तर अर्धेच काम होते. माझे मत असे, की विद्यार्थ्यांनी स्वतःचाच प्रोजेक्ट वापरावा, कारण एका प्रोजेक्टवर साठ जणांचा भार पडला की मर्यादा लवकर संपते आणि कुणामुळे संपली हे कळत नाही.

आता ज्या प्रकारात आमची एक पूर्ण दुपार गेली, तो सांगतो. काटोलच्या संत्रा बागांवर काम करणारी एक विद्यार्थिनी सात क्रमांकाच्या संगणकावर बसली होती. प्रोजेक्ट तिचा, आयडी कॉपी केलेली, एपीआय सुरू, प्रश्नावली पूर्ण, कन्सोलमध्ये ती स्वतः मालक. तरी पायथन सांगत होते, की या खात्याला या प्रोजेक्टवर परवानगी नाही. ऑथेंटिकेट करण्याची, म्हणजे गूगल खात्याने ओळख पटवण्याची, ओळ तिने तीनदा चालवली. तीनही वेळा ती ओळ विनातक्रार पुढे गेली, ब्राउझरची खिडकी मात्र एकदाही उघडली नाही. हेच खटकायला हवे होते. मी वापरकर्त्याच्या फोल्डरमधील 'डॉट कॉन्फिग' उघडले, त्यात 'अर्थइंजिन' नावाचे फोल्डर होते आणि त्यात 'क्रेडेन्शियल्स' नावाची छोटीशी फाइल. फाइलची तारीख होती फेब्रुवारीतली, आणि ही विद्यार्थिनी त्या संगणकावर पहिल्यांदा बसली ती जुलैत. फाइल आधीच्या सत्रातील कुणा विद्यार्थ्याची होती. प्रयोगशाळेतील सर्व संगणक एकाच विंडोज लॉगइनवर चालतात, त्यामुळे त्याची ओळख तिथेच राहून गेली होती. ऑथेंटिकेटच्या ओळीला वैध ओळख सापडत होती, म्हणून ती नवे लॉगइन मागतच नव्हती, आणि ही मुलगी सकाळपासून दुसऱ्याच्या नावाने आपल्या प्रोजेक्टचे दार ठोठावत होती.

ती फाइल काढून टाकली, ओळ पुन्हा चालवली, ब्राउझरची खिडकी उघडली, तिने स्वतःचे खाते निवडले आणि पुढच्या मिनिटाला काम सुरू झाले. फाइल शोधायची नसेल, तर ऑथेंटिकेट करतानाच 'फोर्स' हा पर्याय 'ट्रू' ठेवावा, म्हणजे जुनी ओळख असली तरी नवी मागितली जाते. सामायिक संगणकावर काम संपले, की ही फाइल काढूनच उठावे. राहून गेलेल्या ओळखीने पुढचा माणूस आपल्या साठवलेल्या नकाशांपर्यंत पोहोचू शकतो आणि ते पुसूही शकतो, हे मुलांना आधी कुणी सांगत नाही.

खाते ठीक आहे की नाही, हे कसे ठरवावे?

इतके सारे केल्यावरही नकाशा दिसला नाही, तर दोष खात्याचा की कोडचा हे आधी वेगळे करावे. त्यासाठी कोणतीही प्रतिमा न मागता सर्व्हरकडे केवळ एक अंक पाठवून तो परत मागावा. पायथनमध्ये अर्थ इंजिनच्या 'नंबर' मध्ये ५ घालून 'गेट इन्फो' म्हटले आणि उत्तर ५ आले, की लॉगइन, प्रोजेक्ट, नोंदणी आणि परवानगी या चारही गोष्टी बरोबर आहेत. यापुढे खात्याला हात लावू नये. मी हे मुद्दाम सांगतो, कारण कोडमधील चुकीसाठी चांगले चाललेले खाते मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलेली मुले मी पाहिली आहेत.

अशा वेळी सहसा पुढील दोनपैकी एक चूक निघते. अर्थ इंजिनमध्ये बिंदू देताना आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यावा लागतो. आपण बोलताना आणि मोबाइलच्या नकाशावर वाचताना अक्षांश आधी येतो. नागपूरसाठी ७९.०९ आणि २१.१५ असा क्रम हवा. तो उलटा झाला, तर नकाशा थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या परिसरात जाऊन थांबतो, आणि समोर पांढुरके रिकामे पान पाहून विद्यार्थी म्हणतो की खाते चालत नाही. दुसरी चूक तारखांची. खाते जुलैत उघडले म्हणून जुलैचीच सेंटिनेल-२ या उपग्रहांची प्रतिमा मागितली, तर विदर्भावर पावसाळी ढगांखेरीज फारसे काही दिसत नाही. पहिल्या चाचणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधील तारखा घ्याव्यात. त्या दिवसांत आकाश निरभ्र असते आणि शहराच्या पश्चिमेला अंबाझरीचा गडद पट्टा १० मीटरच्या प्रतिमेत (जिचा एक ठिपका जमिनीवरील १० मीटर लांबी-रुंदीचा असतो) स्पष्ट ओळखू येतो.

मदत मागताना पडद्याचा मोबाइलने तिरपा काढलेला फोटो पाठवू नये. संदेशातील पूर्ण वाक्य, त्यात छापलेला प्रोजेक्ट, कोपऱ्यातील गोल चित्राखाली दिसणारा ई-मेल पत्ता आणि कोड एडिटर की पायथन, एवढे लिहून पाठवले तर उत्तर देणाऱ्याला बहुधा दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. आणि गोंधळात चुकून योग्य प्रोजेक्टच डिलीट केला असेल, तर त्याच नावाने नवा करण्याची धडपड करू नये, कारण वापरलेली आयडी पुन्हा मिळत नाही. डिलीट केलेला प्रोजेक्ट ३० दिवस परत मिळवता येतो. कन्सोलमध्ये डिलीट होण्याच्या वाटेवर असलेल्या प्रोजेक्टांची वेगळी यादी असते, तेथून तो 'रिस्टोअर' करावा आणि त्यानंतर अर्थ इंजिनची एपीआय सुरू आहे ना, हे पुन्हा एकदा पाहून घ्यावे.